कोण कुठे गेलं, ते कुणी लिहायचं?

प्रति,
माननीय कुलगुरू,
मुंबई विद्यापीठ, फोर्ट, मुंबई.

महोदय,



विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातला राजाबाई टॉवर कापसाच्या पैशावर उभा आहे, ही गोष्ट पदवीदानाच्या भाषणांत सहसा येत नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूसवाल्यांकडे पैशाचा पूर लोटला. त्या पुरातलं सर्वांत मोठं नाव प्रेमचंद रायचंद. ग्रंथालयासाठी आणि टॉवरसाठी त्यांनी लाखांची देणगी दिली. टॉवरला त्यांच्या आईचं नाव मिळालं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, प्रेमचंदशेठ बुडाले. टॉवर मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची सूतगिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि पुढच्याच वर्षी आपलं विद्यापीठ. गिरणी आणि विद्यापीठ ही या शहरातली पाठोपाठची भावंडं. थोरलं भावंड गेलं. ते कसं गेलं, त्याच्या जिवावर जगणारी माणसं मग कुठे गेली, याचा हिशेब धाकट्याने जेवढा ठेवायला हवा होता तेवढा ठेवला नाही, अशी या पत्राची तक्रार आहे.

तक्रारीबरोबर मागणीही आहे. कामगार एका उद्योगातून दुसऱ्या उद्योगात कसा जातो, कोण जाऊ शकतो, कोण मागे राहतो आणि त्या हालचालीबरोबर अख्ख्या शहराची अर्थव्यवस्था कशी सरकते, या विषयावर विद्यापीठाने पीएच.डी.चं सलग काम उभं करावं. एखाददुसरा प्रबंध नको. दहा-पंधरा वर्षं चालेल अशी प्रबंधांची माळ हवी. तिचं पहिलं क्षेत्र परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी, शिवडी हे जुनं गिरणगाव असावं.

हा विषय परदेशातून आणावा लागणार नाही. १९१८ मध्ये ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’त एक निबंध छापून आला. विषय होता हिंदुस्थानातल्या लहान लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय. लेखक होते भीमराव रामजी आंबेडकर. तेव्हा तुकडे जोडून जमिनी मोठ्या कराव्यात, असा सरकारी विचार जोरात होता. आंबेडकरांनी मूळच प्रश्न फिरवला. जमीन लहान आहे हा रोग नव्हेच, म्हणाले. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं बसली आहेत हा रोग आहे. हे रिकामे हात कमावत काही नाहीत, खातात मात्र. त्यांना शेतीतून उचलून उद्योगात न्या, म्हणजे शेतीवरचा भार आपोआप हलका होईल. आर्थर लुईस या अर्थशास्त्रज्ञाचा अतिरिक्त श्रमांवरचा प्रसिद्ध निबंध आला १९५४ मध्ये, आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जगभरच्या वर्गांत हा विषय लुईसपासून शिकवला जातो. आपल्याकडेही तसाच शिकवला जातो, हे जास्त खटकतं.

आंबेडकर हा विचार मांडत होते तो काळ त्यांच्या परळच्या मुक्कामाचा. बी.आय.टी. चाळीत त्यांचं बिऱ्हाड होतं आणि १९१८ च्या अखेरीस ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. शेतीतून उद्योगात आलेली माणसं बघायला त्यांना पुस्तक उघडावं लागत नव्हतं, खिडकी उघडली तरी पुरे होतं. रत्नागिरीहून बोटीने उतरलेले कोकणी, साताऱ्या-पुण्याकडचे घाटी, तेलंगणातले पद्मशाली विणकर, उत्तरेतून मदनपुऱ्यात येऊन राहिलेले मोमीन जुलाहे. यांतले पहिले दोघे शेत सोडून आले होते आणि पुढचे दोघे हातमाग सोडून. वरून सगळे ‘गिरणी कामगार’, पण त्यांचे प्रवास वेगवेगळे होते.

गिरणीच्या आतही सगळ्यांना सगळीकडे जाता येत नव्हतं. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार चांगला. पण धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा, अशी पद्धत होती. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार. तेवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगारांना साचेखातं बंद. १९२८ च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हाच मुद्दा लावून धरला आणि तो पुढाऱ्यांना अडचणीचा वाटला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात माणूस कमी मजुरीच्या कामातून जास्त मजुरीच्या कामाकडे पाण्यासारखा वाहतो. मुंबईत तो एका खात्यातून भिंतीपलीकडच्या खात्यात जाऊ शकत नव्हता.

बायकांचंही तेच, जरा वेगळ्या तऱ्हेने. १९३० च्या आसपास गिरण्यांतल्या कामगारांत पाचवा हिस्सा बायकांचा होता, बहुतेक रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत. पुढच्या पन्नास वर्षांत तो हिस्सा आटत आटत नाममात्र उरला. रात्रपाळीला बायका ठेवायच्या नाहीत असा कायदा, बाळंतपणाची रजा पगारी करणारा १९२९ चा मुंबईचा कायदा, कामाची नवी घडी बसवताना आधी त्यांच्याच खात्यांवर आलेली कात्री, अशी कारणं साठत गेली. कायदे बायकांच्या भल्यासाठी होते. मालकांनी त्यांतून काढलेला अर्थ मात्र असा, की मग बायकाच नकोत. गिरणगावात उद्योगातून बाहेर पडण्याची पहिली मोठी लाट बायकांची होती, आणि ती १९८२ च्या संपाच्या कितीतरी आधी आली. तिच्यासाठी ना मोर्चा निघाला, ना कुणी घर मागितलं.

या बायका कुठे गेल्या? बऱ्याच जणी चुलीपाशी, पण ती चूल धंद्याची. गावाकडे बायको ठेवून आलेल्या कामगाराला दोन वेळचं जेवण लागायचं. ते देणारी खानावळवाली पाच-पंचवीस जणांचे डबे चालवायची. महिना भरला की पगार, पगार झाला की तिचे पैसे. तोवर किराणा उधारीवर आणि उधारी सावकाराच्या व्याजाने. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि सावकाराचा फास सैल केला. पुढे संप झाला. जेवणारेच गावाला गेले, तेव्हा डबे कुणाला घालायचे? मंडळ मग केटरिंगकडे वळलं, कचेऱ्यांत आणि समारंभांत जेवण पोचवू लागलं. उत्पादनाच्या पोटात वाढलेली एक सेवा, उत्पादन मेल्यावर स्वतःच्या पायावर कशी उभी राहते, याचं असं हाताशी आलेलं उदाहरण दुसऱ्या शहराकडे असतं तर त्यावर एव्हाना चार प्रबंध झाले असते.

संपाचा तपशील आपल्याला सांगायला नको. १८ जानेवारी १९८२, नेते डॉ. दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख कामगार. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यतेचा शिक्का एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिला होता, त्यामुळे ज्याच्या मागे कामगार होते त्याच्याशी बोलायचं नाही आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्या मागे कामगार नाहीत, असा पेच. संप कुणी मागे घेतलाच नाही; तो विरत गेला. १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले, २००१ च्या दुरुस्तीने ते वाटे फक्त मोकळ्या जागेपुरते उरले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ मध्ये जमिनी विकल्या तेव्हा एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलचे ७०२ कोटी आले, दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक ३ चे ४२१ कोटी. जमिनीचा हिशेब कोटींत, तारीखवार, न्यायालयाच्या निकालांसकट उपलब्ध आहे. माणसांचा तसा नाही.

इथेच विद्यापीठाचं काम सुरू होतं. अर्थशास्त्राची नेहमीची वाट अशी: शेती, मग कारखाना, मग सेवा. देश श्रीमंत होतो तसे हात या क्रमाने पुढे सरकतात. वरवर पाहिलं तर परळने हा क्रम अगदी शहाण्या मुलासारखा पाळला. फिनिक्स मिलमध्ये आधी बोलिंग अ‍ॅली, मग मॉल. कमला मिलमध्ये कचेऱ्या आणि हॉटेलं. जिथे सूत निघायचं तिथे आता जाहिराती, बँकांचे हिशेब आणि कॉफी निघते. शहर कारखान्यातून सेवेत गेलं, हे खरंच. पण शहर गेलं म्हणून माणूस गेला का? चाळिशीतला, चौथी-सातवी शिकलेला, अर्धं आयुष्य साच्यावर उभा राहिलेला कामगार संगणकासमोर जाऊन बसला नाही. तो त्याच आवाराच्या फाटकावर निळ्या गणवेशात, दुसऱ्या कंपनीचा सुरक्षारक्षक म्हणून उभा राहिला. कुणी वडापावची गाडी लावली, कुणी भाजी घेऊन बसला, कुणी दुसऱ्याच्या नावावरची टॅक्सी चालवली.

आणि पुष्कळ जण उलटे गेले. कारखान्यातून परत शेतीत. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी केंब्रिजमध्ये बसून मुंबईच्या कामगारावर जे काम केलं, त्यात त्यांनी एका जुन्या समजाला धक्का दिला होता. गिरणी कामगार गाव सोडत नाही कारण तो मनाने अजून शेतकरीच आहे, असं मालकही म्हणत आणि साहेबही. चंदावरकरांचं म्हणणं, गाव हा त्याचा विमा आहे. नोकरीचा भरवसा नाही, आजारपणाला आधार नाही, म्हणून माणूस गावातलं घर आणि जमिनीचा तुकडा सोडत नाही. सकाळी गिरणीच्या दरवाज्यावर उभा राहून पाळीवरचा कुणी गैरहजर निघतो का याची वाट पाहणाऱ्या बदली कामगाराला हे पुस्तक न वाचताच ठाऊक होतं. १९८२ मध्ये तो विमा वटवला गेला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडे गाड्या भरून गेल्या, आणि आंबेडकरांनी ज्या जमिनीवरून माणसं उचला म्हटलं होतं, तिच्यावर ती पुन्हा जाऊन बसली.

ही जुनी कहाणी आहे म्हणून सोडून देता येत नाही. देशाच्या श्रमबल सर्वेक्षणात २०१८-१९ मध्ये शेतीतल्या रोजगाराचा वाटा सुमारे साडेबेचाळीस टक्के होता. पुढच्याच, टाळेबंदीच्या वर्षात तो साडेपंचेचाळीसवर गेला. उलटा प्रवास. तज्ज्ञांना धक्का बसला. गिरणगावातल्या कुणाही म्हाताऱ्याला बसला नसता.

कापडाचा धंदा तरी कुठे मेला? संप चालू असतानाच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग रात्रंदिवस खडखडत होते. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने त्या बदलाला वाट आणखी मोकळी करून दिली. माग तोच, कापड तेच. फरक इतका की मुंबईत कामगाराची ओळख ठरणारा तिकीट क्रमांक, भविष्य निर्वाह निधी, ई.एस.आय.चं कार्ड आणि भरपगारी रजा होती, तिकडे बारा तासांची पाळी आणि मोजून दिलेले पैसे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात हा बदल दिसणार नाही, कारण तिथे दोन्ही ‘उद्योग’ या एकाच रकान्यात. माणसाच्या घरात तो पहिल्याच महिन्यात दिसला. एका उद्योगातून दुसऱ्यात होणारं स्थलांतर मोजताना त्याच उद्योगातल्या वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर होणारी घसरण मोजली नाही, तर तो अभ्यास अर्धा राहतो.

उद्योग बदलला की वाट बदलते, हे समजायला लोअर परळला सकाळी साडेनऊला जावं. गिरणी कामगाराचा रस्ता पायी होता. चाळ ते फाटक, भोंग्याच्या टप्प्यात. म्हणून एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांवरून एवढा लोंढा कधी येणार असं गृहीतच धरलेलं नव्हतं. गिरण्यांच्या जागी मनोरे आले, त्यांतला कर्मचारी विरार, डोंबिवली, कल्याणहून येऊ लागला. जिन्याची रुंदी तीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस कोसळत असताना दोन्ही स्थानकांना जोडणाऱ्या त्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. नवा पूल लष्कराला बांधायला सांगावा लागला. तो पुढच्या फेब्रुवारीत खुला झाला. स्थानकाचं नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. चौकशीत पाऊस, अफवा, गर्दी असं बरंच काही निघालं असेल. एका भागातला रोजगार कापडातून कचेरीत गेला की तिथल्या पायवाटांवर, पाण्यावर, गटारांवर, लोकलच्या फलाटांवर काय भार येईल, हे आधी सांगू शकणारी माणसं घडवणं मात्र विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं.

मुंबईत यावर कुणी काम केलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. अर्थशास्त्र विभागाला शंभर वर्षांहून मोठी परंपरा आहे. सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये छुप्या बेकारीच्या प्रश्नावर नियोजन आयोगाला आव्हान देणारं पुस्तक लिहिलं, ते याच विभागातून. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची सुरुवात १९३६ मध्ये नागपाड्याला, कामगार वस्तीच्या काठावर झाली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावची शंभर वर्षं कामगारांच्याच तोंडून लिहून काढली; ते पुस्तक २००४ मध्ये आलं. पण गिरणगावावरच्या डॉक्टरेटच्या कामांची नावं घ्यायला बसलं की यादी आपसूक परदेशी होते. चंदावरकर केंब्रिजचे. १९८२ च्या संपावर सर्वांत तपशीलवार ग्रंथ लिहिणारे व्हॅन वेर्श हे डच. बंद गिरण्यांच्या कामगारांचं पुढे काय झालं यावर सुमीत म्हसकरांनी प्रबंध लिहिला तो ऑक्सफर्डला. नव्या सेवाक्षेत्रात शिरताना मुस्लिम कामगारांच्या आड धर्म कसा येतो, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. मोरा फिंकेलस्टाइन यांचं काम स्टॅनफर्डचं. ही सगळी मोलाची कामं आहेत आणि सगळी इंग्रजीत आहेत. ज्यांच्यावर ती लिहिली, त्यांच्या घरात ती कुणी वाचलेली नाहीत. मराठीत हा विषय पोचला तो रंगभूमीवरून: जयंत पवार यांचं ‘अधांतर’ १९९७ च्या सुमारास आलं आणि संपानंतरच्या एका घरातल्या मुलांची फरफट लोकांनी समोर पाहिली. नाटककाराने जे एका खोलीत दाखवलं, ते अडीच लाख घरांत कितपत खरं होतं, हे सांगणं अर्थशास्त्राचं काम होतं.

आता मुद्द्याचं. अशा अभ्यासाला आकडे कुठून आणायचे, असा प्रश्न आपल्या विभागातून येईल. उत्तर वांद्र्याला म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, कचेरीत आहे.

अमेरिकेत जेकबसन, ललोंड आणि सुलिव्हन या तिघांनी १९९३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला, जो या विषयात आजही पहिल्यांदा वाचायला देतात. पेनसिल्व्हेनियात पोलाद आणि इतर कारखाने बंद पडत होते. नोकरी गेलेल्या जुन्या कामगारांचं पुढे काय झालं हे पाहायला त्यांनी दारोदार प्रश्नावल्या नेल्या नाहीत. बेकारी विम्याच्या सरकारी नोंदी होत्या, त्याच वापरल्या. निष्कर्ष असा, की वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी काम केलेल्या माणसाची नोकरी गेली, तर पाच-सहा वर्षांनंतरही त्याची कमाई आधी अपेक्षित असलेल्या कमाईपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी राहते. ‘लोक काही दिवसांत दुसरीकडे लागतात’ हा धोरणकर्त्यांचा आवडता दिलासा त्यानंतर तितक्या सहज देता येईना. कचेरीतल्या कागदांनी हे साधलं.

आपल्याकडचे कागद याहून बोलके आहेत. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर मुंबईच्या ५८ बंद गिरण्यांत कामावर असलेल्या कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना घरं देण्याच्या योजनेसाठी म्हाडाकडे सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली, मार्च २०२० च्या सोडतीत ३,८९४; उरलेल्यांचं काय, हा वेगळा आणि कडवट विषय आहे. इथे मुद्दा त्या अर्जांचा. एकेका अर्जात गिरणीचं नाव आहे, तिकीट क्रमांक आहे. सोबत हजेरी कार्ड, ई.एस.आय.चा क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, ग्रॅच्युइटीचा कागद, यांतलं जे कुणी ट्रंकेत जपून ठेवलं होतं ते. आजचा पत्ता आहे. कामगार हयात नसेल तर वारस कोण, हेही आहे. १९८२ ला परळमध्ये असलेलं कुटुंब आज दापोलीला आहे की दिव्याला, हे त्या गठ्ठ्यांत लिहिलेलं आहे. पात्रता तपासायला म्हणून हे कागद गोळा झाले. ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शिक्का बसला की त्यांचं काम संपलं, असं सरकार समजतं.

या नोंदींतली नावं आणि क्रमांक झाकून त्या संशोधनाला द्याव्यात, यासाठी विद्यापीठाने म्हाडा आणि कामगार आयुक्तालय यांच्याशी करार करावा. खासगीपणाचं भान हवं, आणि ते राखण्याच्या पद्धती जगभर रूढ आहेत. या नोंदींत खोटही असेल. बदली कामगाराकडे कागद कमी, म्हणून तो यादीत कमी दिसेल. फार आधी बाहेर पडलेल्या बायका तर दिसणारच नाहीत. तेवढ्यासाठी प्रत्यक्ष घरोघर जावं लागेल, आणि त्याचा नमुनाही आपल्याच मातीत आहे. सातारा जिल्ह्यातल्या सुगाव या गावातून पुरुष मुंबईला गिरणीत जात, बायका मागे राहत. हेमलता दांडेकरांनी त्या गावाचा १९४२ ते १९८२ असा चाळीस वर्षांचा बदल १९८६ च्या पुस्तकात मांडला. आधीची पाहणी पुण्याच्या गोखले संस्थेची होती. एकच गाव, तीच घरं, पुन्हा पुन्हा. १९८२ नंतरची चाळीस वर्षंही आता उलटून गेली आहेत. ज्या घरांतून कामगार गेला आणि ज्या घरांत तो परत आला, त्यांना पुन्हा भेटायची हीच वेळ.

वेळेचं सांगायचं तर, संपाच्या वर्षी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीला टेकला आहे. जो तेव्हा चाळिशीत होता, त्याला विचारायला जाणं बहुतेक ठिकाणी उशिराचं ठरेल. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबईत उरल्यासुरल्या गिरण्याही २०२० च्या टाळेबंदीत थांबल्या. दादरच्या इंदू मिलच्या जागेवर डॉ. आंबेडकरांचं स्मारक उभं राहत आहे. त्यांच्या १९१८ च्या निबंधाला धरून पुढचं काम करणारं एखादं अध्यासन याच शहरातल्या विद्यापीठात असावं, ही अपेक्षा जास्त म्हणता येणार नाही.

विषय गिरण्यांवर थांबणारही नाही. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि मुंबई बंदरातला गोदी कामगार कंटेनरने हळूहळू कालबाह्य केला. त्याचा प्रवास अजून लिहायचा आहे. परळची दुसरी ओळख म्हणजे रुग्णालयं. के.ई.एम. १९२६ पासून, टाटा १९४१ पासून. गिरण्या गेल्यावर या रुग्णालयांनी आणि त्यांच्याभोवतीच्या औषधांच्या दुकानांनी, लॉजांनी, प्रयोगशाळांनी गिरणगावातली किती घरं तगवली? आज त्याच गल्ल्यांतून पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन दुचाकीवर धावणारा मुलगा कोणत्या उद्योगात आहे, वाहतुकीत, अन्नव्यवसायात की संगणकसेवेत? बदली कामगार आणि तो यांच्यात अंतर किती, आणि साम्य किती? मॉलच्या कचेऱ्यांतलं हिशेबाचं काम यंत्रं करू लागतील तेव्हा तिथला कारकून कुठे जाईल, हा प्रश्न आज शहरात सगळेच विचारतात. यापूर्वी एवढ्याच मोठ्या संख्येने एका झटक्यात काम गेलेल्या माणसांचं याच जागी काय झालं, ते माहीत करून घेतल्याशिवाय त्याचं उत्तर अंदाजपंचेच राहणार.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. येत्या पीएच.डी. प्रवेशात अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि इतिहास या विभागांनी मिळून या विषयासाठी जागा आणि शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात. त्यांत परळ-लालबागच्या महाविद्यालयांत शिकलेल्या, घरात तिकीट क्रमांक पाहिलेल्या मुलामुलींना प्राधान्य मिळालं तर उत्तमच. प्रबंध मराठीत लिहू इच्छिणाऱ्याला मार्गदर्शक आणि परीक्षक शोधताना नाकीनऊ येणार नाहीत, अशी सोय करावी. आणि मौखिक परीक्षा प्रभादेवीच्या हुतात्मा बाबू गेनू गिरणी कामगार क्रीडाभवनात, खुल्या दरवाज्याने घ्यावी. बाहेरून आलेल्या परीक्षकांचे प्रश्न संपले की पुढच्या रांगेत बसलेल्या जुन्या कामगारांना प्रश्न विचारू द्यावेत. उमेदवाराचा खरा कस तिथेच लागेल.

म्हाडाकडे जाणारं पत्र याच सत्रात निघावं, एवढी विनंती. अर्जांचे गठ्ठे अजून जागेवर आहेत, आणि अर्जदारांपैकी बरेच जण अजून बोलू शकतात.

कळावे.